हिवाळ्यात लांब बेस राइड की ट्रेनरवर इंटरव्हल? आधी आठवड्याचे तास मोजा

सीझन संपला, दोन-तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून राहिली आणि पाय परत वळवळायला लागले की हा वाद दरवर्षी ठरलेलाच. एक गट म्हणतो हिवाळा म्हणजे बेस, सहनशक्तीचा पाया घालणाऱ्या हळू आणि लांब राइड, हार्ट रेट वर जाऊच द्यायचा नाही, प्रो लोक तेच करतात. दुसरा म्हणतो कशाला थंडीत कुडकुडताय, ट्रेनरवर (घरात सायकल एका जागी बसवून चालवायचं यंत्र) तासभर स्वीट स्पॉटचे इंटरव्हल, म्हणजे कडक पण झेपणारे तुकडे, मारा आणि मोकळे व्हा. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या लोकांसाठी, आणि तुम्ही कुठल्या गटात बसता हे फिटनेसपेक्षा आठवड्याला किती तास हातात पडतात यावर ठरतं.

जरा आकडे बघू. समजा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारा जास्तीत जास्त पॉवर, २५० वॉट आहे. झोन २, हळू चालवण्याचा पट्टा, म्हणजे त्याचे ५६ ते ७५ टक्के, साधारण १४० ते १८७ वॉट. एफटीपीवर एक तास चालवला तर टीएसएस (सरावाचा भार मोजणारा आकडा) १०० धरतात, त्या हिशोबाने ६५ टक्क्यांवरचा एक तास जेमतेम ४२ देतो. आता नोकरी, घर, मुलं सांभाळून आठवड्याला सहाच तास मिळत असतील आणि ते सगळे हळू चालवले तर बेरीज २५० च्या आसपास, म्हणजे भर सीझनमध्ये ज्या माणसाचा आठवडा ४०० ला जायचा त्याच्यासाठी ही चक्क सुट्टी झाली. बारा तास मिळत असतील तर तेच हळू चालवणं ५०० ला जातं आणि मग खरंच बेस तयार होतो. प्रो रायडर हळू चालवतात कारण आठवड्याला २०-२५ तास जोरात चालवणं कुणालाच शक्य नाही, पण आपण त्यातला हळूपणा तेवढा उचलतो आणि तास तिथेच सोडून येतो.

म्हणून लांब राइड बेकार असं मात्र अजिबात नाही. तीन-चार तासांनी पायातलं ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) कमी व्हायला लागलं की शरीर ज्या पद्धतीने फॅटकडे वळतं आणि दमलेल्या स्नायूंच्या जागी नवे तंतू कामाला लावतं, ते तासाभराच्या सेशनमध्ये होत नाही. शिवाय चालत्या सायकलवर खाणं, तासन्‌तास सॅडलवर बसणं, ग्रुपमध्ये पुढच्याच्या चाकाला चिकटून राहणं हे सगळं रस्त्यावरच शिकायला मिळतं. तुमच्या रेस चार-पाच तासांच्या असतील तर हे टाळून चालणारच नाही, क्रिटेरियमवाल्याला (छोट्या सर्किटवरची कमी वेळाची रेस) थोडी सूट आहे.

आता दुसरी बाजू. स्वीट स्पॉट म्हणजे एफटीपीच्या ८८ ते ९४ टक्के, आपल्या उदाहरणात २२० ते २३५ वॉट. वॉर्मअप करून १५ मिनिटांचे तीन सेट घेतले की तासाभरात ७० च्या आसपास टीएसएस, कमी वेळवाल्यासाठी एवढा चांगला सौदा दुसरा नाही. गोची अशी की तो 'जमतोय' असं वाटतं म्हणून लोक रोज करायला लागतात, आणि दीड-दोन महिन्यांत पाय कायम जड, झोप बिघडलेली, एफटीपीचा आकडा जागेवरून हलायला तयार नाही. आठवड्यात दोनदा, फार तर तीनदा, बाकी दिवस खरंच हळू. हळूहळू तीव्रता वाढवायची झाली तर नॉर्वेचे संशोधक रॉनेस्टाड यांचे ३०/१५ घ्या: ३० सेकंद जोरात, १५ सेकंद हलकं, असं १३ वेळा, आणि असे तीन सेट. पण ते रेसच्या दीड-दोन महिने आधी, थंडीच्या सुरुवातीलाच नको, तेव्हापासून टॉपवर राहायचा प्रयत्न केला तर पहिल्या रेसपर्यंत डोकंच थकतं. आणि व्यायामशास्त्रज्ञ सायलर यांचं ८०/२० (८० टक्के हळू, २० टक्के कडक) सगळे सांगतात, पण त्यांनी ते बऱ्यापैकी सेशन मोजून मांडलंय, मिनिटं मोजून नाही, म्हणजे पाच सेशनमधलं एक कडक हा त्याचा अर्थ.

रस्ता की ट्रेनर हा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे पण तोच नाही. बाहेर ५ अंश असताना ताशी ३० किलोमीटरने गेलात की अंगाला शून्य अंशासारखं लागतं, त्यात ओला रस्ता आणि लवकर होणारा अंधार. ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पाय थांबतच नाहीत, त्यामुळे तिथला तास बाहेरच्या तासापेक्षा भारी पडतो. पण वारा नसल्याने अंग तापतं, हार्ट रेट वर चढतो आणि बऱ्याच जणांचा पॉवर बाहेरपेक्षा कमी येतो, म्हणून आतली एफटीपी वेगळी काढा आणि एक मोठा पंखा थेट छातीवर सोडा. हँडलबारवर टॉवेल टाका, नाहीतर घाम स्टेमच्या बोल्टवर आणि हेडसेटच्या बेअरिंगमध्ये जातो आणि वसंतात उघडून बघितलं की लालसर गंज. अर्ग मोडवर, म्हणजे ठरवलेले वॉट ट्रेनर स्वतःच राखतो त्या मोडवर, एक सूचना: कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) पडला की तेच वॉट राखायला ट्रेनर रेझिस्टन्स वाढवतो, त्याने कॅडन्स अजून पडतो, आणि शेवटी पाय चिखलात रुतल्यासारखे थांबतात. गिअर बदलत बसू नका, अर्ग बंद करून पाय परत ९० वर आणा.

आणि जिम. हे 'वेळ उरला तर' म्हणून ठेवतात त्यांना माझा सरळ विरोध आहे. सायकलवर हाडांवर वजन येत नाही, फक्त सायकलच चालवणाऱ्यांची हाडांची घनता कंबरेच्या भागात कमी निघते, चाळिशीनंतर स्नायूही झिजतात. आठवड्यातून दोनदा स्क्वाट आणि डेडलिफ्ट, वजन असं की ४ ते १० रेप्समध्ये दम निघावा, २० रेप्सवालं हलकं काम पायांना सायकलवर आधीच मिळतंय. पहिले दोन-तीन आठवडे पाय दुखतील, त्या काळात इंटरव्हलकडून फार अपेक्षा ठेवू नका. इंटरव्हल असतील त्याच दिवशी संध्याकाळी जिम लावा, म्हणजे सोपा दिवस सोपाच राहतो. सीझन चालू झाला की आठवड्यातून एकदा पुरतं.

तर मी असं ठरवेन. पाच-सहा तासवाल्याने ट्रेनरवर दोन स्वीट स्पॉट, दोन जिम, आणि हवा बरी असेल त्या रविवारी दोन-अडीच तास बाहेर. दहा-बारा तासवाल्याने बेस, त्यात एकच कडक सेशन आणि जिम तशीच. मधल्या आठ तासवाल्यांचंच खरं अवघड आहे, त्यांनी रेस बघावी: लांबची असेल तर एक राइड चार तासांपर्यंत ओढा आणि बाकीची छोटी करा, नाहीतर पाच-सहा तासवाल्याचाच आठवडा घेऊन त्यात दोन तास हळू चालवणं घाला.