‘संशोधनात भाग घ्या’ म्हणत ३२,५९० रुपये नेले. सोलापूरकरांनो, सावध राहा

आधी रक्कम सांगतो. माझे ११,८००, बायकोचे ११,८००, प्रोटीन पावडरच्या डब्यांचे ६,४९० आणि ‘डेक्सा स्कॅनचं बुकिंग’ (क्ष-किरणांनी चरबी मोजायची तपासणी) म्हणून २,५००. एकूण ३२,५९० रुपये. त्यातला एक पैसाही परत आलेला नाही. शेअर, लॉटरी, डिजिटल अरेस्ट असलं काही नव्हतं. पैसे गेले ते व्यायाम, आहार आणि अंगातली चरबी यांवरच्या ‘संशोधना’त.

कंबर तलावाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी ते टेबल पाहिलं असेल. निळे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब आणि एक मशीन. अनवाणी उभं राहायचं, दोन दांडे धरायचे, मिनिटभरात चिठ्ठी बाहेर. पैसे नाहीत. माझ्या चिठ्ठीवर चरबी ३४.१ टक्के आणि ‘शरीराचं वय’ ६३. मी ५४ चा आहे. त्याच महिन्यात माझा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी आकडा, ६.१ आला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, काठावर आहात, सांभाळा. अशा माणसाच्या हातात ती चिठ्ठी पडल्यावर काय होणार?

आता कोणी म्हणेल, एवढा शिकलेला माणूस आणि फसला कसा. तर ऐका. त्या टेबलवाल्यांनी जुळे सोलापुरातल्या हॉलमध्ये बोलावून जे दाखवलं त्यातलं निम्मं खरं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा तो प्रसिद्ध फोटो पडद्यावर होता. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी लपलेली असते, हे खरंच आहे. आपल्याकडे २३ च्या पुढे बीएमआय गेला की वजन जास्त धरतात, हेही खरं. खऱ्या माणसांचं खरं काम दाखवून त्याच्याआड दुकान मांडलं होतं, आणि ते मला ओळखू यायला हवं होतं म्हणे!

योजना अशी : बारा आठवड्यांचा अभ्यास, १०,००० रुपये अनामत, शेवटपर्यंत टिकलात तर अनामत परत आणि वर ५,००० मानधन. मधेच सोडून जाणाऱ्यांमुळे अभ्यास बिघडतो, म्हणून अनामत. ऐकायला पटतं की नाही?

पावती हातात आली. ‘परतावायोग्य अनामत १०,०००. जीएसटी १८ टक्के १,८००. एकूण ११,८००.’

ही ओळ मला अजून रात्री झोपू देत नाही. मी टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. जीएसटी आल्या दिवसापासून रिटर्न भरतोय. परत द्यायच्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. ती रक्कम मालाच्या किंवा सेवेच्या किमतीत वळती केली तरच लागतो. म्हणजे त्या कागदावर त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं की हे पैसे परत यायचे नाहीत, ही विक्री आहे. हेच मी कारखानदारांना समजावून सांगतो आणि त्याची फी घेतो. त्या दिवशी मागे रांग होती, बायको म्हणत होती ‘चला ना ओ, उशीर होतोय’, आणि टॅबवाली मुलगी मला ‘काका’ म्हणत क्यूआर पुढे करत होती. घरी, ऑफिसच्या टेबलावर ती पावती आली असती तर दोन सेकंदांत फेकून दिली असती.

मग चिठ्ठ्या टाकून गट पाडले. खऱ्या अभ्यासात एका गटाला पावडर देतात, दुसऱ्याला देत नाहीत, नाहीतर तुलना कशाशी करणार? आमच्या हॉलमध्ये ज्याला विचारावं तो पावडरच्याच गटात. पावडर न मिळालेला माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. डबा ३,२४५ चा, आम्ही दोघं, म्हणून दोन. आहाराचा तक्ता मिळाला, त्यात क्विनोआ आणि अॅव्होकॅडो! शेंगाची चटणी बंद. सोलापुरात.

डबा घेतलाच असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन होतं. म्हणजे पोटात गेल्यावर झटपट साखर होणारा पिठूळ पदार्थ, तोही साखरेच्या काठावरच्या माणसाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत प्रोटीनच्या पावडरी टाळायलाच सांगितलंय.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मशीनवर उभं केलं. चरबी ३०.८! टाळ्या झाल्या, फोटो काढला. तोच फोटो मी ग्रुपवर टाकला आणि तो बघून माझा मेहुणा आणि फिरायला येणारे एक निवृत्त मास्तर पैसे भरून आले. मेहुण्याचं ठीक आहे, तो शिव्या देऊन मोकळा झाला. मास्तर मात्र आता मला बघितलं की रस्ता बदलतात.

चरबी कशी उतरली ते नंतर कळलं, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर. पहिलीवर उंची १६२ सेंटिमीटर, दुसरीवर १६८. चोपन्नाव्या वर्षी मी सहा सेंटिमीटर वाढलो! ते मशीन चरबी मोजत नाही. अंगातून बारीकसा करंट सोडून अडथळा मोजतं आणि उंची, वय, वजन घालून सूत्राने अंदाज काढतं. पाणी पिऊन गेलात, घाम गाळून गेलात तरी आकडा हलतो. उंची कमी टाकली की चरबी जास्त दिसते. खरी १६८ आहे. म्हणजे पहिल्या दिवशी घाबरवायला कमी टाकली आणि नंतर खरी टाकून गुण दाखवला. उंची आपण सांगतो, टाइप ते करतात. स्क्रीन बघा.

डेक्सा स्कॅनच्या तारखेला हॉलला कुलूप. फोन बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. ‘पावती आहे, माल मिळालाय, हा दिवाणी मामला.’ मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ काय शोभेला आहे का? हवालदार हसून विचारतो, ‘साहेब, वजन उतरलं का पण?’ शेजारचे दोघेही हसले. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर उभं राहून क्यूआरवर पैसे दिलेत, यात सायबर काय? अन्नाचा कारभार बघणाऱ्या कचेरीत डबा टेबलावर ठेवला, तर साहेबांनी तो उलटा करून परवान्याचे चौदा आकडे मोजले आणि ‘नंबर आहे की’ म्हणून परत दिला. तो नंबर कुणाचा, हे बघायचं काम कुणाचं? हॉलमालक म्हणतो, मी भाडं घेतो, लग्न लागलं की मोडलं ते बघत नाही. बँकेत गेलो तर आधी पोलिसांचा कागद आणा म्हणे. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. कर भरायला एक दिवस उशीर झाला की हेच सरकार मला बरोबर शोधून काढतं.

संशोधनाचा नंबर विचाराच. आपल्याकडच्या माणसांवरच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या साइटवर असते, २००७ पासून, कुणालाही फुकट बघता येते. आमच्या फॉर्मवर नंबर होता. तो खराही निघाला, पण अभ्यास दुसऱ्या राज्यातला आणि दुसऱ्याच आजाराचा. म्हणून नुसता नंबर नको, तो उघडून गावाचं नाव आणि अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचं नाव वाचा. संमतीपत्र मराठीत मागा, प्रत घरी न्या. आमच्याकडून टॅबवर बोटाने सही घेतली. आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून त्या तपासण्यांचे पैसे घेत नाहीत, उलट येण्याजाण्याचा खर्च त्याला देतात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर तासाभरात सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर लावा, माझ्यासारखा तीन आठवडे विश्वास ठेवत बसू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. आम्ही काही जण मिळून अर्ज करतोय. तुमच्याकडे ‘अनामत’ आणि ‘१८ टक्के’ एकाच पावतीवर असेल तर ती आणि मशीनच्या दोन्ही चिठ्ठ्या घेऊन या. आधी त्यांचे फोटो काढून ठेवा, कारण चिठ्ठ्यांचा कागद थर्मल आहे आणि माझ्या पहिल्या चिठ्ठीवरचं १६२ आत्ताच पुसट झालंय.