एसबीआर की ऑक्सिडेशन पाँड? लाखभर वस्तीच्या शहरासाठी

माणशी 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के गटारात, या नेहमीच्या हिशोबाने लाखभर वस्तीच्या शहरातून रोज सुमारे 1 कोटी 8 लाख लिटर सांडपाणी निघतं. ते शुद्ध करायला नगरपरिषदेपुढे एसबीआरचा (सिक्वेन्सिंग बॅच रिॲक्टर, म्हणजे यंत्राने हवा देऊन टप्प्याटप्प्याने पाणी शुद्ध करणारी टाकी) प्रस्ताव आला की ऑक्सिडेशन पाँडचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तळ्यांचं, नावही निघत नाही, हे मला खटकतं.

एसबीआरमध्ये सगळं एकाच टाकीत होतं. पाणी भरतं, ब्लोअर हवा देतात, मग हवा बंद करून गाळ बसू देतात आणि वरचं नितळ पाणी डिकँटरने काढतात. काही तासांत एक फेरा पूर्ण. जागा दोन-तीन एकर पुरते. नीट चालवलं तर बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) लिटरमागे 10 मिलिग्रॅमपर्यंत खाली येतो. नागपुरात भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं. तेवढं धरणाचं पाणी वाचतं. पण ब्लोअर बंद पडले की टाकीतले घाण खाणारे जिवाणू गुदमरतात. वीजबिल दरमहा भरावं लागतं, गाळ सतत काढून त्याची सोय लावावी लागते आणि रात्रपाळीला जाणकार ऑपरेटर लागतो. छोट्या नगरपरिषदांचं घोडं इथेच अडतं.

तळ्यांमध्ये हवा द्यायचं काम शेवाळ करतं. पहिलं तळं खोल, तिथे जड घाण बसून कुजते. दुसऱ्यात शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू जगतात. शेवटची तळी उथळ. तिथे उन्हाने रोगजंतू मरतात. जंतांची अंडीही तळाशी बसतात, म्हणून शेतीसाठी हे पाणी जास्त निर्धोक. वीज जवळपास लागतच नाही, गाळ काही वर्षांतून एकदा काढायचा. मात्र जागा पंचवीसेक एकर हवी, पहिल्या तळ्याला वास येतो, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात शेवाळ उरत असल्याने बीओडीची 10 मिलिग्रॅमची पातळी एकट्या तळ्यांना गाठता येत नाही.

पाणी नदीत सोडायचं किंवा कारखान्याला विकायचं असेल, तर एसबीआर घ्या. गावाबाहेर पडीक जमीन आणि खालच्या बाजूला पाणी मागणारे शेतकरी असतील, तर माझं मत तळ्यांना. प्रदूषण नियंत्रण मंडळ कोणत्या निकषावर संमती देईल, हे मात्र जमीन घेण्याआधी लेखी विचारा. एसबीआर ठरला तर निविदेत पुढच्या पंधरा वर्षांची वीज, दुरुस्ती आणि पगार वेगळे मांडायला लावा, आणि तो आकडा सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा.