भाकरी थापणाऱ्या बाईने कुठलं मॅनिक्युअर करावं?

मागच्या दोन वर्षांत नखांवर मी जेवढे पैसे घातलेत तेवढ्यात एक बरा मिक्सर आला असता. आता निदान दुसऱ्या कुणाचे तरी वाचावेत म्हणून लिहितेय. कोथरूडला घराजवळ एक छोटा नेल स्टुडिओ आहे, वरच्या मजल्यावर, दोनच खुर्च्या, तिथला हा रिव्ह्यू. पण त्याआधी दुसरीकडे काय झालं ते सांगितल्याशिवाय हा कळणार नाही.

नणंदेचं लग्न होतं. मी एका पार्लरमध्ये गेले, मोबाईलवरचा फोटो दाखवला आणि म्हटलं हेच करून द्या. त्यांनी काही न विचारता ॲक्रिलिक एक्स्टेंशन लावलं, म्हणजे आपल्या नखावर प्लास्टिकची टिप चिकटवायची आणि वर ते लिक्विड आणि पावडर ब्रशने एकत्र करून थर द्यायचा, वास असा की डोळ्यांत पाणी. दिसायला मात्र खोटं कशाला बोलू, झकास. संध्याकाळी घरी येऊन पीठ मळायला घेतलं आणि तिथेच कळलं काय करून बसलोय ते. नखांखाली पीठ, भाकरी थापली तर तिच्यावर पाच चंद्रकोरी उमटलेल्या, साडीची पिन लावायला जाऊबाईंना हाक मारायची आणि हळदीच्या दिवशी ती पांढरी फ्रेंच टिप अशी पिवळी झाली की लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी मूठ झाकून उभी आहे.

खरा घोळ काढताना झाला. ॲक्रिलिक ॲसिटोनमध्ये नीट भिजवून मऊ करून काढायचं असतं, वेळ लागतो. तिथल्या मुलीला घाई होती, तिने कडेने दुसरी टिप खुपसून ते सरळ उचकटलं, सोबत माझ्या नखाचा वरचा पापुद्राही आला. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, इतकी खोल कापली होती की अंगठ्याला नखुरडं झालं, रात्रभर ठणकत होतं. नखं कागदासारखी, गरम पाण्यात बोट घातलं तरी झोंबायचं. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवीन यायला सहा महिने, आणि मला ते सहाही महिने लागले.

म्हणून या नवीन जागी गेले तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होते. पण तिथल्या ताईने आधी माझा हात उलटसुलट करून बघितला, नखाचं टोक दाबून किती वाकतंय ते पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, घरी भांडी कोण घासतं? मला हसूच आलं, पण प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं बाई येते, पण रोज येत नाही. त्यावर ती म्हणाली मग लांबी विसरा.

तिने जे समजावलं ते आपल्या भाषेत सांगते. साधं मॅनिक्युअर, म्हणजे कोमट पाण्यात हात, फाईल, क्युटिकल मागे ढकलणं, मसाज आणि नेहमीची नेलपेंट, हे घरकाम असेल तर चार-पाच दिवसांत टोकाला उडायला लागतं, पण घरी रिमूव्हरने निघतं आणि नखाला काही होत नाही. त्यातही ती हात पाण्यात बुडवतच नाही, कोरडंच करते, कारण पाण्याने नख फुगतं आणि नंतर सुकून आकसलं की वरचा रंग तडकतो. जेल पॉलिश लॅम्पखाली सुकवतात, दोन-तीन आठवडे टिकतं, ऑफिसवाल्यांना बरं. बिल्डर जेल त्याहून जाड, पातळ नखाला आधार द्यायला, लांबी न वाढवताही लावता येतं. एक्स्टेंशन ज्यांना सांभाळता येतं त्यांनीच करावं, पाणी आत शिरून कुठे सुटलं की बॅक्टेरिया वाढून नख हिरवं पडतं, आणि त्याच्यावर परत रंग मारून झाकणारे महाभाग पण असतात.

मी विचारलं जेलने काही अपाय? इथे ती उगाच गोड बोलली नाही, म्हणून मला आवडली. म्हणाली, न सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की सहसा जात नाही, म्हणून घरी ऑनलाईन किट मागवून प्रयोग करू नका. लॅम्पमध्ये यूव्हीए किरण असतात, तर आधी सनस्क्रीन लावून या किंवा बोटं उघडी असलेले ग्लोव्हज घाला. जेलमध्ये टीपीओ नावाचं एक केमिकल असायचं, युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून कॉस्मेटिक्समध्ये त्यावर बंदी घातली, तिने बाटली फिरवून मला लेबल वाचायला दिलं. आणि ऑपरेशन वगैरे ठरलं असेल तर जेल नकोच, बोटाला ऑक्सिमीटर लावतात म्हणून काढायला सांगतात आणि हे काय रिमूव्हरने घरी निघत नाही.

शेवटी मी नखं बारीक कापून बिल्डर जेलचा पातळ थर आणि वर गडद मरून रंग घेतला. मरून मुद्दाम, हळद दिसत नाही. ९०० रुपये झाले, काढायचे २०० वेगळे, ते तिने आधीच सांगितलं. अठरा दिवस झाले, एका करंगळीची कड जराशी उचललीय, ती मी टीव्ही बघताना खरवडायची नाही असं रोज ठरवते. काढायला गेले की ॲसिटोनचा कापूस, वर फॉइल, पंधरा मिनिटं, ती घड्याळ लावून बसते म्हणे.

आता तक्रारी. दीड तास लागतो, जिना अंधारा, खाली गाडी लावायला जागा नाही, एसीचं पाणी टपटपतं आणि शनिवारी अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे नशीब. मालिशचा हात जड, सांगितलं तर कमी करते. पाचपैकी चार स्टार, एक पार्किंगचा कापला.

आणि हो, कुठेही गेलात तरी लावायचे किती हे विचारायच्या आधी काढायचं कसं आणि कोण काढणार हे विचारा, तिथे ततपप झालं तर चप्पल घालून सरळ खाली उतरा.