झाकण ४० चं, मशीन ३० चं

१,५२,५०० रुपये. जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायचं मशीन, घेताना फसलो, त्यात एवढे गेले. आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे "किती गेले रे?" हे पुन्हा कुणी विचारायला नको. मशीनचे १,३८,०००, टेम्पोचे ६,५००, बसवायचे आणि केबलचे ३,२००, बंद पडल्यावर ओढून आणणाऱ्या होडीला डिझेलचे २,००० आणि मिस्त्रीने उघडून बघितल्याचे २,८००. वाया गेलेला हंगाम यात धरलेला नाही. तो धरायला बसलो तर झोप लागत नाही.

जुन्या आउटबोर्डच्या बाजारात काय काय चालतं ते किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. रंग मारून विकणं, चोरीचा माल, फोटो एकाचा आणि मशीन दुसरंच. मलाही ठाऊक होतं, आणि राग त्याचाच जास्त आहे. घरबसल्या सगळे पैसे पाठवणारा मी नव्हे. मी जाऊन बघितलं, टेप लावून शाफ्ट, म्हणजे मशीनपासून खाली पंख्याकडे जाणारा दांडा, मोजली, बरोबर २० इंच भरली, सुरू करून घेतलं, मग टोकन सोडून बाकीचे पैसे दिले. "असा कसा फसलास" म्हणणाऱ्यांनी आधी पुढचं वाचावं.

होडी जुनी, फायबरची. अशा होड्यांच्या ट्रान्सममध्ये, म्हणजे मशीन टांगतो त्या मागच्या फळीत, बहुधा आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी मुरत राहतं आणि वरून चकचकीत दिसणारी फळी आतून भुसभुशीत होते. माझी मी हातोडीने ठोकून बघितली होती. वर ठणठणीत, खाली एका कोपऱ्यात भद्द आवाज. तेवढा भाग उकरून दुरुस्त करून घेतला, पण आता हिच्यावर वजन किती टांगायचं हा प्रश्न होताच. ४० एचपीचं टू-स्ट्रोक मशीन ७०-७५ किलोच्या घरात असतं. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक शंभरीला टेकतं. हे वरचे पंचवीस किलो पार मागच्या टोकाला लटकणार. होडीची मागची बाजू बसते आणि पाणी बाहेर जायच्या भोकांतून ते उलटं आत यायला लागतं. म्हणून ठरवलं: टू-स्ट्रोक, ४०, लाँग म्हणजे २० इंची शाफ्ट, वापरलेलं चालेल. हा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही.

जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला तर त्याचा पहिलाच प्रश्न, "दादा, होडी किती जुनी आहे?" मला वाटलं, वा, जाणकार माणूस दिसतोय. मी घडाघडा सांगत सुटलो. फळी दुरुस्त केलीय, जड मशीन नको, आधीचं निकामी झालंय, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आत बसवायचंय, खलाशांना उचल देऊन बसलोय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तुम्हाला फोर-स्ट्रोक झेपायचं नाही. आणि चांगलं टू-स्ट्रोक आता मिळतंय कुठे?"

त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर मेख आहे. प्रदूषणाच्या नियमांमुळे कितीतरी देशांत टू-स्ट्रोक मागे पडत गेले. इव्हिनरूडसारख्या जुन्या नावाने तर २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणंच थांबवलं. जुनी होडी असलेला माणूस हलकं मशीन शोधत फिरतो आणि माल कमी असतो, हे या लोकांना पक्कं माहीत आहे. तेव्हा होडीचं वय सांगू नका, घाई सांगू नका. मशीनबद्दल विचारायचं आणि फोन ठेवायचा.

१,५५,००० वरून १,३८,००० वर आला. "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" म्हणून २०,००० यूपीआयने टोकन घेतलं. उरलेले १,१८,००० रोख, जागेवर.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून कपाळावर हात जातो. शेडमध्ये मशीन स्टँडला लावलेलं, खाली पाण्याचं पिंप. सवयीने मी झाकणावर हात ठेवला. कोमट लागलं. झाकण काढून सिलिंडर हेडला हात लावला तर टेकवत नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं. तो हसून म्हणाला, "सकाळीच चालवून ठेवलं दादा, तुम्ही लांबून येणार, उगाच खोळंबा नको."

आणि मी म्हणालो, "बरं केलंत."

बरं केलंत! तिथेच टेम्पोवाल्याला गाडी वळवायला सांगायला हवं होतं. मशीन थंड असताना खरं बोलतं. पिस्टनच्या रिंग चिकटलेल्या असोत की सिलिंडर घासलेला असो, पहाटेच्या गारव्यात दोरी ओढून ओढून खांदा जातो तेव्हा सगळं कळतं. एकदा तापवून ठेवलं की धातू फुगतो, फटी कमी होतात. वर सिलिंडरमध्ये थोडं जाड ऑइल सोडलं तर ते रिंगांच्या कडेला बसून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तेवढ्यापुरतं वाढवतं. माझ्यासमोर एका ओढीत सुरू झालं. बाजूच्या भोकातून पाण्याची धार जोरात पडत होती, ती बघून मी खूश. ती धार एवढंच सांगते की पंप पाणी ओढतोय. पिस्टनची तब्येत तिला काय कळणार?

कॉम्प्रेशन मी तपासून घेतलं नाही असं समजू नका. घेतलं. दोन्ही सिलिंडरला १२० आलं. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, इथे तर फरकच नव्हता. फक्त दाब मोजायचं गेज त्याचं होतं आणि ते धरणारा मिस्त्रीही त्याचाच होता, "इथेच बाजूला असतो, बोलावतो" म्हणून बोलावलेला. आपला मिस्त्री न्यायचा असतो हे मला माहीत आहे. माझा मिस्त्री त्या आठवड्यात दुसऱ्या बंदरावर अडकला होता आणि बंदी कुणासाठी थांबत नाही. खालच्या गिअर बॉक्सचा स्क्रू सैल करून ऑइलसुद्धा दाखवलं त्याने. स्वच्छ, सोनेरी. आदल्या दिवशी ओतलेलं ऑइल स्वच्छच निघणार! सील गेलेलं असेल तर ते दुधाळ होतं, पण त्यासाठी मशीन आधी थोडा वेळ पाण्यात चालायला हवं.

अजून एक. कंपनीच्या नंबरची पट्टी फळीला आवळतात त्या ब्रॅकेटवर असते. ब्रॅकेटवर खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरलेली, ॲल्युमिनियमला खड्डे पडलेले, आणि पट्टीचे रिव्हेट मात्र चकचकीत. ते मला दिसलं होतं. विचारलंही होतं. "पट्टी निघाली होती दादा, पुन्हा मारली." पट्ट्या निघतात हे खरंच आहे, तुम्हीही मानलं असतं.

रिकामी होडी छान चालली. जाळी आणि बर्फ चढवला तर वेगच घेईना. मला वाटलं पंखा चुकीचा. असं होतंही. मौजेच्या हलक्या बोटीवरचं मशीन असेल तर पंखा जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात होडीला जास्त पुढे ढकलणारा असतो, आणि जड होडीवर मशीन फेरेच घेत नाही. कंपनीने पूर्ण थ्रॉटलला जे फेरे सांगितलेत, समजा मिनिटाला ५,००० ते ५,५००, ते भरल्या होडीत मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर कमी पिचचा पंखा लावायचा. म्हणून त्यालाच फोन केला, तर निर्लज्जपणे म्हणतो, "पंखा पाठवतो, ७,४०० लागतील." तेवढे मात्र मी दिले नाहीत. पुढच्याच फेरीत खाडीच्या तोंडाशी एक सिलिंडर मेलं आणि दुसऱ्यावर खुरडत खुरडत मशीन बंद पडलं. त्यानंतर त्याचा फोनही बंद.

माझ्या मिस्त्रीने उघडलं. एक पिस्टन उभा घासलेला. गिअर ऑइल चहात दूध घातल्यासारखं. बऱ्याच मशीनमध्ये ब्लॉकवरच्या एका गोल चकतीवरही नंबर ठोकलेला असतो. त्याने ती पुसली, पट्टीचा नंबर वाचून दाखवला, मग चकतीचा. दोन्ही वेगळे. "हे ३० आहे," म्हणाला. एकाच ब्लॉकवर कंपन्या वेगवेगळ्या ताकदीची मशीनं काढतात. कार्ब्युरेटर बदलतो, आणखी थोडंफार बदलतं, झाकण मात्र तेच बसतं. ३० च्या मशीनवर ४० चं झाकण घातलं, वर पट्टी मारली, झालं. धडधाकट ३० असतं आणि ३० म्हणून विकलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

आणि तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." म्हटलं, साहेब, पट्टी बदललीय, खोटा नंबर आहे, ही लबाडी नाही तर काय? ज्याला आपण चारशेवीस म्हणतो ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, हेही छापलेला कागद दाखवून सांगितलं. त्यावर, "तुम्ही वकील आहात का?" यूपीआयचे २०,००० तरी सायबरकडे नोंदवा म्हटलं, तर "प्रत्यक्ष भेटलात ना, मग सायबर नाही." बँकेत गेलो तर "पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलात." टोकन गेलं ते खातं विक्रेत्याचं नाही, दुसऱ्याच कुणाचं आहे, कुणाचं तेवढं तरी सांगा म्हटलं. गोपनीयता आहे म्हणे. चोराची गोपनीयता!

मशीन विकणाऱ्या अधिकृत दुकानात चकतीचा नंबर घेऊन गेलो, निदान मूळ मालक कोण ते कळेल. मूळ बिल आणा म्हणाले. बिल असतं तर मी तिथे कशाला गेलो असतो? नोंदणीच्या कार्यालयात तर कहरच. होडीच्या कागदावर नवं मशीन चढवायचं तर पट्टी आणि ब्लॉकचा नंबर जुळायला हवा. जुळत नाही म्हणून चढणार नाही. आणि मशीन तुमच्या कागदावर नाही म्हणून नंबर जुळत नसल्याचं पत्रही आम्ही देणार नाही. पोलिसांना ते पत्र हवं, यांना पोलिसांचा कागद हवा, आणि मी दोघांच्या मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्स घेऊन उभा. शेवटी एका हवालदाराने बाजूला घेऊन आपुलकीने सल्ला दिला, "काका, जास्त ताणू नका. मशीन चोरीचं निघालं तर तुम्हीच गोत्यात याल." म्हणजे लुबाडला गेलो मी आणि घाबरायचंही मीच.

मी ताणणार आहे. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी ती स्पीड पोस्टाने पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. तोंडी बोलणं तुम्हीही करू नका. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, नाही म्हणाले तरी हटू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावा. मी पोलीस, बँक करत बसलो, तोवर ते खातं रिकामं झालं होतं.

रोख दिलीत तर कागद करा, त्यावर ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचून लिहा, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. नव्या रंगावर भाळू नका. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला असेल तर घाईत फवारलेला आहे. गेज स्वतःचं घेऊन जा, मिस्त्री मिळत नसेल तर जाणंच पुढे ढकला. मॉडेलच्या शेवटचं अक्षर बघा: बऱ्याच कंपन्यांत एस म्हणजे १५ इंची शाफ्ट, एल म्हणजे २०, एक्स म्हणजे २५. अक्षर एक सांगतंय आणि टेप दुसरं, तर तिथून निघा. "लांबून येणार म्हणून" कुणी काही तयार करून ठेवलं असेल तर निघाच.

जाहिरात अजून चालू आहे. नंबर बदललाय, फोटो तोच: करड्या रंगाचं झाकण, त्यावर ४० चा आकडा, डाव्या कडेला लांब ओरखडा, मागे निळी ताडपत्री. ते झाकण आज माझ्या पडवीत पडलंय. आता १,४५,००० मागतोय. मी तक्रार केली की जाहिरात उतरते आणि दोन दिवसांनी पुन्हा चढते. तुमच्यापैकी कुणी फोन केलाच तर फक्त सांगून बघा, मी न कळवता येईन, मशीन थंड हवं. माझ्या पुतण्याने काल तेवढंच सांगितलं, तर तो विकणारा म्हणाला, मशीन विकलं गेलं.