धुराचा पाइप भिंतीबाहेर दिसत होता, आत नव्हताच

गॅस गीझर बसवून देण्याच्या नावाखाली आम्हाला जे फसवलं गेलं, त्यात पैसे गेले ते गेलेच, पण खेळ घरातल्या माणसांच्या जिवाशी होता. तोच फिटर साताऱ्यात अजून कुणाकुणाच्या घरी जाऊन आला असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर शाहूपुरीत. थंडीत यवतेश्वराच्या बाजूनं वारं सुटलं की बाथरूमची खिडकी कुणी उघडी ठेवत नाही. सोलरचं पाणी ढगाळ दिवसांत कोमट येतं आणि सासूबाईंना पहाटे अंघोळ केल्याशिवाय देवपूजा करवत नाही, म्हणून गॅस गीझर घ्यायचं ठरलं. गीझर बाथरूममध्येच लावणार म्हटल्यावर दुकानदार स्वतःहून म्हणाला, "धूर बाहेर काढायचा पाइप लागेल. छतातून नेऊन थेट भिंतीबाहेर काढून देतो." पाइप, बाहेरची जाळीची टोपी, भिंतीला होल आणि मजुरी असे ३,८०० रुपये त्यानं वेगळे लावले. पक्कं बिल मागितलं तर 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी हातात दिली. ती जपून ठेवली होती, ते पुढे फार कामाला आलं.

फिटरनं एका दुपारीत काम उरकलं. जाताना आम्हाला मागच्या अंगणात नेऊन दाखवलं. भिंतीवर चकचकीत अॅल्युमिनियमचा बाक, म्हणजे पाइपचा वळलेला तुकडा, त्यावर जाळी, भोवती गुळगुळीत सिमेंट. "वहिनी, बघा, एकदम कंपनीचं काम." आत गीझरच्या डोक्यावरून निघालेला पाइप वर पीव्हीसीच्या सीलिंगमध्ये शिरताना दिसत होता. दोन्ही टोकं डोळ्यांसमोर होती, मग मधल्या भागाची शंका कुणाला येणार?

काही दिवसांनी अंघोळ करून आल्यावर आईंचं डोकं दुखायला लागलं. गरगरायचं, मळमळायचं. ओसरीवर येऊन बसल्या की थोड्या वेळानं बरं वाटायचं. बीपी तपासलं, गोळी बदलून झाली. कोविडच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर लावलं तर आकडा ९८. ऑक्सिजन चांगला आहे म्हणून सगळे निर्धास्त. हे प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवं: कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनलेला असला तरी हे साधं यंत्र आकडा चांगलाच दाखवतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की हा विषारी वायू, हे त्याला ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. डॉक्टरांना बंद बाथरूममध्ये गॅस गीझर असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी हे समजावलं.

चोरी उघडी पडली ती पाण्यामुळे. सीलिंगच्या पट्ट्यांमधून थेंब गळायला लागले. गच्ची गळतेय असं वाटून प्लंबरला बोलावलं. त्यानं स्टुलावर चढून एक पट्टी सरकवली, आत बॅटरी मारली आणि मला वर बोलावलं. गीझरचा पाइप सीलिंगच्या वर वीतभर जाऊन संपला होता. तोंड उघडं, भोवती काजळी, आणि स्लॅबच्या खालच्या अंगाला घामासारखे पाण्याचे थेंब. मग तो मागच्या अंगणात गेला आणि तो चकचकीत बाक हलवून पाहिला, तर बाक अख्खा हातात आला. भिंतीला आरपार होलच नव्हतं. दोनेक इंच खणून त्यात बाक बसवला होता आणि वरून सिमेंट लिंपलं होतं.

गॅस जळला की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ती वाफ छताला लागून थेंब होत होती. जळालेली हवा बाहेर न जाता खाली उतरली की तीच पुन्हा बर्नरला जाते, ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून उग्र वास मुद्दाम घातलेला असतो, पण ज्योतीत तोही जळून जातो. म्हणून वास येत नाही म्हणजे सगळं ठीक, हा भरवसा इथे चालत नाही. हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोरानं धरून ठेवतं. माणूस आधी पेंगतो, मग दार उघडायचीही ताकद राहत नाही. दर हिवाळ्यात बाथरूममध्ये मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या कित्येकांमागे हेच असतं.

गॅस एजन्सीच्या मेकॅनिकनं बाकीचंही तपासलं. सुरक्षा नळीचे पैसे घेऊन साधी हिरवी रबरी नळी जोडलेली होती, तीही मध्ये जोड देऊन. खरी सुरक्षा नळी केशरी असते, आत तारेची जाळी असते, तिच्यावर आयएसआयची खूण आणि मुदत छापलेली असते. गीझरवरच्या आयएसआय खुणेजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पाहता येतो. आमचा क्रमांक तिथे निघालाच नाही.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, "फिटर आमचा नाही, बाहेरचा आहे." पण चिठ्ठीवर फिटिंगचे पैसे त्याच्याच अक्षरात होते. फिटर फोनवर म्हणतो, "खिडकी उघडी ठेवत जावा, काय होत नाय." या माणसाला काय होतं ते पुरतं माहीत होतं. माहीत नसतं तर खोटा बाक लावायचं सुचलंच नसतं! मला सगळ्यात संताप येतो तो याचाच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता फोटो, चिठ्ठी आणि मेकॅनिकचं लेखी म्हणणं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही.

नवा गीझर आता बाथरूमबाहेर, मागच्या उघड्या अंगणात पत्र्याखाली लावला आहे. आत फक्त गरम पाण्याची लाइन येते. आईंचं गरगरणं थांबलं.

आमच्याच गल्लीत त्याच फिटरनं काम केलेलं आणखी एक घर निघालं. तिथेही सीलिंगवर पाइपचं तोंड उघडंच होतं. तुमच्या बाथरूममध्ये गीझर असेल आणि पाइप सीलिंगमध्ये शिरत असेल, तर आजच एक पट्टी सरकवून तो भिंतीपर्यंत आणि भिंतीच्या आरपार जातो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खात्री होईपर्यंत गीझर पेटवू नका, आणि गॅसचा वास आला तर १९०६ ला फोन करा.