एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप आणि दोन निराळे पडदे

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या कार्यालयासाठी आम्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घेतले. दुकान एकच, मध्ये अंतर जेमतेम पंधरा दिवसांचे. खोक्यावरचा मजकूर अक्षरशः सारखा होता आणि किमतीत रुपयाचाही फरक नव्हता. अक्षरजुळणी, पानांची मांडणी आणि मुखपृष्ठे छपाईला पाठवण्याजोगी करणे हे आमचे काम असल्यामुळे पडद्याकडे आमचे लक्ष इतरांपेक्षा अंमळ जास्त असते, हे ध्यानात ठेवून हे परीक्षण वाचावे. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या पुरवठादारांचे पडदे बसवण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे आणि एका नावावर राग काढून ग्राहकाच्या हाती काही लागत नाही.

फरक लक्षात आला तो सप्टेंबरमध्ये, एका दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ तयार करताना. चित्रातल्या नऊवारीचा काठ कुंकवाच्या रंगाचा होता. माझ्या पडद्यावर तो कुंकवाचाच दिसत होता. माझ्या सहकारी मुलीच्या पडद्यावर मात्र तोच काठ विटेकडे झुकला होता आणि पदरावरची हळद पार बेसनासारखी फिकी पडली होती. “ताई, तुम्ही फाइल बदललीत का?” असे तिने विचारले, तेव्हा तिच्याकडे जुनी प्रत उघडली असावी असेच मला वाटले. मग दोन्ही लॅपटॉप एका टेबलावर शेजारी ठेवले, ब्राइटनेस पूर्ण केला, रात्रीचा पिवळसर प्रकाश वगैरे सोयी बंद केल्या आणि दोन्हींवर तीच फाइल उघडली. त्यानंतर वादाला जागाच राहिली नाही. कोरे पान उघडून शेजारी छपाईचा पांढरा कागद धरला, तर माझा पडदा कागदाच्या बराच जवळ होता आणि तिचा निळसर. चित्रातले पहाटेचे आकाश केशरीकडून जांभळ्याकडे जात होते. माझ्याकडे तो उतार सलग होता, तिच्याकडे त्यात पायऱ्या मोजता येत होत्या.

एका छायाचित्रकार मित्राकडून रंगमापक उपकरण एक दिवसासाठी मागून आणले. एसआरजीबी या संगणकांच्या नेहमीच्या रंगपट्ट्यापैकी, म्हणजे रंगांच्या ठरलेल्या व्याप्तीपैकी, माझ्या पडद्याने ९७ टक्के भाग दाखवला, तिच्या पडद्याने ६१ टक्के. हा फरक डोळ्यांचा भास नव्हता, हे त्यामुळे निश्चित झाले.

आता खोक्यावर काय छापले होते ते पाहू. “१४ इंच, फुल एचडी, आयपीएस लेव्हल, अँटी ग्लेअर.” यातला एकही शब्द खोटा नाही आणि दोन्ही लॅपटॉपना तो सारखाच लागू पडतो. आयपीएस हे पडद्याचे तंत्र हिताची कंपनीने १९९६ मध्ये आणले. पुढे त्याच जातीची तंत्रे निरनिराळ्या उत्पादकांनी निरनिराळ्या नावांनी काढली. एयूओचे एएचव्हीए, सॅमसंगचे पीएलएस, बीओईचे एडीएस. ती सगळी एका पिशवीत घालण्यासाठी “आयपीएस लेव्हल” हा सोयीचा शब्द रूढ झाला. बाजूने पाहिले तरी चित्र उलटेपालटे दिसत नाही, एवढेच त्यातून कळते. रंग किती, उजेड किती, कमी उजेडात पडदा लुकलुकतो का, याविषयी तो शब्द अवाक्षर काढत नाही.

ज्या कंपन्या रंगांचा आकडा देतात, त्यांची तऱ्हा आणखी मौजेची आहे. “४५ टक्के एनटीएससी” किंवा “७२ टक्के एनटीएससी” असे तिथे लिहिलेले असते. एनटीएससीचा हा रंगपट्टा १९५३ साली अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीसाठी ठरवला गेला. आज पुण्यात विकला जाणारा लॅपटॉप त्या मापाने का मोजायचा, याचे उत्तर कोणी विक्रेता देत नाही. ग्राहकाने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे, की ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी आणि ४५ टक्के म्हणजे त्याचा साठ-बासष्ट टक्के भाग. बहुसंख्य स्वस्त लॅपटॉप दुसऱ्या गटात बसतात. यामागे निव्वळ कंजुषी नसते. पडद्यामागच्या पांढऱ्या उजेडातून लाल, हिरवा आणि निळा वेगळा काढण्यासाठी रंगाच्या गाळण्या असतात; गाळणी जितकी गडद, तितका रंग शुद्ध मिळतो, पण तितकाच उजेडही आत अडतो. तो भरून काढायला मागचे दिवे जास्त प्रखर लागतात, त्याने किंमत वाढते आणि बॅटरीही अधिक खर्च होते. फिक्या गाळण्या वापरल्या की हे सगळे वाचते, आणि कुंकवाची वीट होते.

आकाशातल्या पायऱ्यांचे कारण वेगळे. स्वस्त पडदे बहुधा ६ बिटांचे असतात, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटा आणि एकूण २,६२,१४४ रंग. ८ बिटांत हाच आकडा १,६७,७७,२१६ होतो. सहा बिटांचा पडदा जवळच्या दोन छटा भराभर आलटून पालटून दाखवून मधल्या छटेचा आभास निर्माण करतो. कुठे ही हातचलाखी बेमालूम जमते, कुठे उघडी पडते.

आमच्याकडे नेमके काय बसवले आहे, हे शोधायला पाच मिनिटे पुरली. विंडोजमधल्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहिला की त्यात “मॉनिटर” या शब्दानंतर उत्पादकाची तीन अक्षरे दिसतात. एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, एसडीसी म्हणजे सॅमसंग डिस्प्ले, एयूओ आणि बीओई तर स्वतःच्याच नावाने येतात. सीएमएन म्हणजे चिमेई इनोलक्स. कंपनीने २०१२ मध्ये नुसते इनोलक्स हे नाव घेतले तरी पडद्याच्या पोटातली अक्षरे जुनीच राहिली. काही लॅपटॉप कंपन्या तिथे आपलीच अक्षरे घालतात, अशा वेळी पडद्याच्या ओळखमाहितीत पुढे नोंदवलेला पॅनेलचा, म्हणजे आत बसवलेल्या मूळ पडद्याचा, क्रमांक पाहावा लागतो. आमच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या उत्पादकांची अक्षरे निघाली.

इथे नेहमीचा सल्ला सुरू होतो, की अमुक कंपनीचे पॅनेल घ्या, तमुक कंपनीचे आले तर परत करा. मला तो पटत नाही. या प्रकारच्या तक्रारीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ॲपलच्या २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रो या लॅपटॉपचे आहे. अमेरिकेत २,१९९ डॉलरपासून सुरू होणाऱ्या त्या लॅपटॉपमध्ये एलजी आणि सॅमसंग अशा दोघांचे पडदे होते. एलजीच्या पडद्यांवर आधीच्या चित्राची सावली मागे राहते, अशा तक्रारी वापरणाऱ्यांनी केल्या आणि २०१३ मध्ये प्रकरण कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेले. लोक पडद्यावर काही मिनिटे काळ्या-पांढऱ्या चौकटी ठेवून, नंतर राखाडी रंग आणून आपापला पडदा तपासत होते. त्यावरून “एलजी वाईट” असा निष्कर्ष काढणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि तरीही त्या काळातले कितीतरी उत्तम पडदे त्याच कंपनीचे होते. उत्पादक एकच, पण त्याच्या यादीत साडेतीन हजारांचे पॅनेलही असते आणि त्याच्या तिप्पट किमतीचेही. लॅपटॉप कंपनीने कोणते मागवले, हा खरा प्रश्न आहे. त्यामुळे उत्पादकाच्या नावाऐवजी पॅनेलचा पूर्ण क्रमांक विचारावा.

तो क्रमांक थोड्या सवयीने वाचताही येतो. एयूओच्या “बी १४० एचएएन” मध्ये १४० म्हणजे १४ इंच आणि “एचएएन” म्हणजे रुंद कोनातून दिसणारे फुल एचडी पॅनेल. तिथे “एचटीएन” असेल तर ते जुन्या टीएन जातीचे, मान जरा खाली केली तरी रंग उलटणारे. बीओईमध्ये “एनव्ही” आणि “एनटी” या आद्याक्षरांत हाच भेद असतो. नाव एकाच कंपनीचे आणि पडदे जमीन-अस्मानाइतके वेगळे, हे या एका अक्षरावरून दिसते.

हमीच्या मुदतीत आम्ही कंपनीच्या सेवाकेंद्रात गेलो होतो. तिथल्या तंत्रज्ञाने अतिशय सौजन्याने लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच कोरे रंग पडद्यावर फिरवले, एकही मृत ठिपका नाही हे दाखवले आणि “पडदा स्पेसिफिकेशनमध्ये बसतो” असे लिहून दिले. तेही खोटे नव्हते, कारण स्पेसिफिकेशनमध्ये रंगांचा आकडाच नव्हता. पडदा बदलून दिला तरी त्याच सुट्या भागाच्या क्रमांकाखाली जो पुरवठादार साठ्यात असेल त्याचाच येणार, हेही त्याने स्वतःहून सांगितले. या प्रामाणिकपणाबद्दल मी त्याची आभारी आहे, केंद्राची नाही.

न्यायाने पाहिले तर माझा पडदाही निर्दोष नव्हता. सहकारी मुलगी एकदा माझ्या जागी संध्याकाळभर बसली आणि डोके जड झाल्याची तक्रार करू लागली. ब्राइटनेस निम्म्याहून खाली आणून पांढऱ्या पानासमोर पेन्सिल जोरात हलवली, तर माझ्या पडद्यावर एकाऐवजी पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या-सुट्या पेन्सिली दिसल्या. तिच्या पडद्यावर मात्र सलग पुसट पट्टा उमटला. काही पडद्यांत उजेड कमी करण्यासाठी मागचे दिवे मंद न करता भराभर चालू-बंद केले जातात. हा वेग सेकंदाला दोनशेच्या आसपास असेल तर काही जणांच्या डोळ्यांना तो जाचतो, हजारोंच्या घरात असेल तर सहसा कळत नाही. शिवाय तिच्या पडद्यावरचा काळा माझ्यापेक्षा अधिक काळा होता, आणि अँटी ग्लेअरचा, म्हणजे झळाळी रोखणारा, थरही नितळ होता. माझ्याकडे त्या थराची बारीक रवाळ चकाकी अनुस्वाराच्या ठिपक्याभोवती जाणवते. दिवसभर मुद्रिते वाचणाऱ्याला ती त्रासदायक आहे. केवळ मजकूर वाचायचा असेल तर मी निःशंकपणे तिचा पडदा निवडीन.

हमी संपल्यावर, या जुलैमध्ये, आम्ही तिच्या लॅपटॉपचा पडदा पदरमोड करून बदलला. शहरातल्या सुट्या भागांच्या बाजारात “१४ पेपर एलईडी, ३० पिन”, म्हणजे १४ इंची पातळ पडदा आणि त्याच्या जोडणीच्या पिना, एवढे सांगितले की पडदा मिळतो. पिना जुळल्या, खालच्या पट्टीची जाडी जुळली आणि कडेचे कान, म्हणजे स्क्रूच्या पट्ट्या, नको तिथे नसले की तो बसतोही. पहिल्या दोन दुकानांत “ताई, स्क्रीन सगळ्या सारख्याच, चालू होण्याशी मतलब” हे ऐकले. तिसऱ्या दुकानदाराने मात्र माझ्या हातातला क्रमांक वाचला, मागच्या खोलीतून चार पडदे आणले आणि एकेक पालथा करून त्यामागचे लेबल मला वाचू दिले. तीन निराळ्या क्रमांकांचे होते, चौथा हवा तो निघाला. बसवणावळीसह ६,२०० रुपये झाले. जोडण्यापूर्वी त्याने तो टेबलावरच चालू करून दाखवला, मी पेन्सिल हलवून पाहिली आणि तो माझ्याकडे काळजीने पाहत राहिला. पावतीवर त्याने “स्क्रीन १ नग” एवढेच लिहिले होते; विनंती केल्यावर पूर्ण क्रमांकही लिहून दिला.

नव्या पडद्याने रंगमापकावर ९८ टक्के दाखवले, पेन्सिलही सलग दिसली. बॅटरी मात्र पूर्वीपेक्षा अर्धा तास आधी संपते, आणि ब्राइटनेसच्या खालच्या दोन पायऱ्यांत काहीच फरक पडत नाही. ज्याला हिशेब, पत्रव्यवहार आणि क्वचित चित्रपट एवढेच करायचे आहे, त्याने हा खटाटोप करू नये. मूळ लॅपटॉप त्या कामाला चोख आहे. रंगांवर ज्याचे काम अवलंबून आहे त्याने मात्र विकत घेण्यापूर्वी दुकानातल्या नमुन्यावर विसंबू नये, कारण नमुन्यातला पडदा आणि सीलबंद खोक्यातला पडदा एकच असेल याची शाश्वती नाही. खोके उघडल्या दिवशीच पॅनेलचा क्रमांक पाहावा आणि परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी विचारून ठेवावे.

यंदाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आता तिच्याच लॅपटॉपवर अंतिम होतात. माझ्यावर मी फक्त जुळणी करते, आणि दिवे लागले की ब्राइटनेस निम्म्याच्या वर ठेवते.