जालन्यातलं मंडळीचं वाचनालय : तरुण लेकरांना जरूर पाठवा, पण पुस्तक निवडून द्या

ज्यांची लेकरं नववी-दहावीच्या पुढं गेलीत अशा ख्रिस्ती आईबापांसाठी आणि तरुण संघ चालवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आमच्या जालन्यात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलला लागून एक छोटंसं वाचनालय आहे, रविवारी उपासना सुटली की दोनेक तास उघडं असतं आणि बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी. ठेव १०० रुपये, महिन्याला २० रुपये, एका वेळी दोन पुस्तकं. दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, बस. पण माझ्या संडे स्कूलमधली मोठी पोरं तिथून पुस्तकं नेऊन खरोखर वाचतायत, म्हणून सविस्तर सांगते.

तिथली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बसणाऱ्या बाई. रिटायर्ड नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर आंटीच म्हणतात. पोरगं आलं की आधी विचारतात, काय चाललंय बाळा, क्लास कुठला, घरी कोण कोण आहे, आणि मग पुस्तक काढून देतात. आमच्या संघातला एक बारावीचा मुलगा मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा क्लास करतो, आता आपल्याकडं लातूर पॅटर्नमुळं, सारख्या टेस्ट घेऊन तयारी करायच्या पद्धतीमुळं, रविवारी टेस्ट ठरलेलीच, उपासना की टेस्ट म्हणून घरात रोजची कटकट. आंटीनं त्याला एरिक लिडल ह्या स्कॉटिश धावपटूचं चरित्र दिलं. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, देवाच्या दिवशी, होती म्हणून हा माणूस त्यात धावलाच नाही आणि मग ४०० मीटरला ४७.६ सेकंदात सोनं घेतलं, एवढं आपण उपदेशात कितीतरी वेळा ऐकलंय. पण पुढचं कोणी सांगत नाही ना! पुढच्याच वर्षी तो चीनला गेला, जिथं त्याचा जन्म झालता तिथंच शिक्षक आणि मिशनरी म्हणून, नंतर जपान्यांनी कैदी छावणीत टाकलं आणि १९४५ ला तिथंच वारला. त्या छावणीत पोरं रविवारी आपल्या मनानं खेळायला लागली अन् मारामाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा हाच रविवार पाळणारा लिडल त्यांच्यासाठी रविवारी पंच म्हणून मैदानात उतरला. आमचा मुलगा हे वाचून आला आणि म्हणला, "मॅडम, मग त्यानं नियम मोडला का पाळला?" त्या रविवारी माझा धडा बाजूलाच राहिला, सगळा वर्ग त्याच प्रश्नावर भांडत बसला. माझ्या मते चारित्र्य घडतं ते असल्या प्रश्नांनी, "चांगले वागा" म्हणून कुणाचं घडत नाही.

मुलींना माझं पहिलं सांगणं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'. त्यांचे यजमान नारायण वामन टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ह्या बाईचं जगच उलटंपालटं झालं. माहेरी वडलांचं सोवळं इतकं कडक की मीठसुद्धा धुवून घ्यायचे, अशा घरातली लेक, शाळेचं तोंड न पाहिलेली, नवऱ्यावर चिडते, रडते, वेगळी राहते आणि हळूहळू स्वतः विचार करून जातपात सोडून देते. कुठंही स्वतःला संत करून दाखवत नाही, भांडणंसुद्धा जशीच्या तशी लिहिलीत, आणि टिळक कवी म्हणून मोठे असले तरी नवरा म्हणून किती त्रासदायक तेही लपवलेलं नाही. आपल्या पोरींना हेच पाहिजे बघा, चुकणारी, चिडणारी आणि तरी विश्वासात वाढणारी बाई. भाषा पण घरात आजी बोलते तशी. पुस्तक जाड दिसलं तरी घाबरू नका, एकदा हातात घेतलं की सुटत नाही.

ज्या मुली जीएनएमला किंवा बीएस्सी नर्सिंगला जाणारेत त्यांना आंटी आयडा स्कडरचं चरित्र देतात. मिशनरी डॉक्टरची मुलगी, पण भारतात राहायचंच नाही असं ठरवलेली, आणि एका रात्रीत तीन घरचे लोक बाळंतीण अडली म्हणून दारात आले, बाई डॉक्टर नाही म्हणून तिन्ही बाया गेल्या. मग ती अमेरिकेला परत जाऊन डॉक्टर झाली आणि तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या हॉस्पिटलचं काम उभं राहिलं. हे सांगताना आंटीचा स्वतःचा आवाज बदलतो, आयुष्यभर वॉर्डात रात्रपाळी केलेली बाई आहे. पुस्तकातलं माणूस आणि समोर बसलेलं माणूस एकाच वेळी दिसलं की पोरींवर फार परिणाम होतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता जे आवडलं नाही ते. एक अख्खा कप्पा बाहेरून आलेल्या 'यशस्वी ख्रिस्ती तरुण' टाइप पुस्तकांचा आहे, अनुवाद असे की एक वाक्य तीनदा वाचावं लागतं, उदाहरणं सगळी तिकडच्या कॉलेजची, आणि प्रत्येक गोष्टीत प्रार्थना केली की लगेच नोकरी. ते पोरांना देऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. मुलांना खोटं लगेच कळतं आणि मग खऱ्यावरचा पण विश्वास उडतो. याउलट पंडिता रमाबाईंवर फक्त एक पातळ पुस्तिका, तिचीपण पानं सुटलेली! केडगावला मुक्ती मिशन उभं करणारी, दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा देणारी, मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणणारी बाई, आणि आपल्याकडं तिच्यावर धड पुस्तक नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींवर तर काहीच नाही. १८४३ ला बाप्तिस्मा घेतलेला माणूस, पुढं इथंच जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, कितीतरी लेकरांची गावं त्याच भागातली, आणि त्यांना नावसुद्धा माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आंटीला सांगितलंय, त्यांनी कमिटीपुढं विषय ठेवलाय. कुणाच्या घरी जुनी चरित्रं, 'ज्ञानोदय' ह्या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक पडले असतील तर रद्दीत घालू नका, इथं आणून द्या, रजिस्टरला तुमच्या नावानं नोंद होते.

उजेड कमी आहे, पंखा एकच, त्यामुळं एप्रिल-मे मध्ये तिथं बसून वाचणं अवघड, घरी न्यायचं पुस्तक. पहिल्यांदा लेकराबरोबर आईबापापैकी कुणीतरी या, फॉर्मवर सही लागते. आणि नाताळाच्या आठवड्यात कपाटं बंद असतात, हॉल कॅरोलच्या प्रॅक्टिसला लागतो, तेव्हा सुट्टीतलं वाचन आधीच नेऊन ठेवा.